दांड्यातली थरथर

“आता पुन्हा काय काढलंत?” बायकोनं शेडच्या दारातूनच विचारलं.

विमानाचं नाक उघडं पडलं होतं. इंजिनावरची झाकणं जमिनीवर, प्रोपेलर दोन लाकडी घोड्यांवर आडवा, आणि तो स्वतः इंजिनाखाली डोकं खुपसून उताणा पडलेला. दिसत होते ते फक्त पाय.

“रबरं,” खालून आवाज आला. “इंजिन ज्याच्यावर बसतं ती रबरं बदलतोय.”

“ती मागेच बदललीत ना?”

“ती फार कडक निघाली. ही मऊ आहेत.”

“आणि त्याच्या आधी मऊ होती म्हणून कडक घातलीत.”

पाना नटावर घसरल्याचा आवाज आला, मागोमाग एक शिवी. तिनं चहाचा थर्मास बाकावर ठेवला आणि आली तशी निघून गेली.

त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. सगळे त्याला लिफ्टवालेच म्हणत. चालत्या लिफ्टच्या भिंतीला उजवा तळवा टेकवायचा, डोळे मिटायचे आणि कुठल्या मजल्यापाशी रूळ वाकडा आहे ते सांगायचं, ही त्याची पद्धत. लोकांना वर पोचवण्यात आयुष्य गेलं, आपण मात्र कायम खड्ड्यात, असं तो हसत सांगायचा. त्यातूनच कधीतरी विमानाचं खूळ डोक्यात शिरलं. नकाशे मागवले, पत्रे कापले, घरातल्या मागच्या खोलीत पंख तयार झाले आणि ते बाहेर काढायला खिडकी चौकटीसकट उखडावी लागली. प्रत्येक रिव्हेट मारताना पत्र्याच्या पलीकडून लोखंडी ठोकळा धरून बायको उभी असायची. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी फोनवर विचारायची, “आई, माझा भाऊ कसा आहे? रांगतो का?”

गेल्या उन्हाळ्यात तो भाऊ उडाला. दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं छोटंसं विमान. सुरुवातीच्या उड्डाणांत भीतीनं त्याचा शर्ट ओला व्हायचा आणि विमान वळवायचा दांडा तो गळा धरावा तसा धरायचा. हळूहळू भीती गेली, अंग सैलावलं, आणि नेमकी तेव्हाच ती आली. थरथर. उड्डाण करताना नाही, उतरताना नाही. वर जाऊन विमान सपाट झालं, वेग जमला, आता निवांत बसायचं, की दांड्यात एक बारीक थरथर सुरू. बोटांच्या आत कुणीतरी घाईघाईनं काहीतरी मोजत असल्यासारखी.

आता निवांत कसला? त्यानं प्रोपेलरचा तोल पुन्हा साधला. दांड्यापासून शेपटीपर्यंतची सगळी बेअरिंगं बदलली. शेपटीच्या फळीला शिसं लावलं, बिजागऱ्या घट्ट केल्या. जेवताना मध्येच ताटावरून उठायचा आणि कागदावर रेघा ओढायला लागायचा. मुलीचा फोन आला तर दोन वाक्यांत आटपायचा. एकदा बायकोबरोबर कुणाच्या तरी घरी समाचाराला गेला, तर तिथंही खुर्चीत चुळबुळ, शेवटी तिनंच हळूच सांगितलं, “जा तुम्ही. इथं बसून लोकांना ताप देऊ नका.”

“तू एकदा बस ना माझ्याबरोबर,” तो तिला म्हणायचा. “थरथर तेवढी जाऊ दे, मग तुला सगळं गाव वरून दाखवतो.”

“तुमची थरथर जाईपर्यंत मी म्हातारी होईन,” ती म्हणायची.

धावपट्टीच्या कडेला त्याच्या शेजारची शेड कॅप्टनबाईंची. उभी हयात त्यांनी शेतांवर औषध फवारणारं विमान चालवलं होतं. आता प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला न मागता सल्ले द्यायच्या. मऊ रबरांनीही फरक पडला नाही म्हणून तो प्रोपेलरला लाथ मारायच्या बेतात होता, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या.

“लिफ्टवाले, मला घेऊन चला वर. तुमच्या थरथरीबद्दल ऐकून कान किटले माझे. एकदा भेट तरी होऊ दे.”

दोघं वर गेले. दोन्ही खुर्च्यांसमोर एकेक दांडा, आतून एकमेकांना जोडलेले. एक हलवला की दुसरा हलायचा. विमान सपाट झालं. थोड्या वेळानं तो विजयानं ओरडला, “आली! बघा, आली!”

कॅप्टनबाईंनी आपल्या दांड्याला दोन बोटं लावली. “आहे खरी. सोडा आता तुम्ही.”

त्यानं सोडला. विमान तेलावरून सरकावं तसं चाललं होतं.

“आली का?”

“नाही.”

“येईल. जरा थांबा.”

थांबले. आली नाही. “धरा,” त्या म्हणाल्या. त्यानं धरला, आणि थोड्याच वेळात दांडा पुन्हा कुजबुजायला लागला. कॅप्टनबाई समोर बघत राहिल्या. बिघाड शोधताना एका वेळी एकच भाग बदलायचा, हे त्यानं हाताखालच्या किती जणांना शिकवलं होतं. त्यानं उजवा हात काढला, डाव्या हातानं दांडा धरला.

काहीच नाही. दांडा शांत.

त्यानं खाली पाहिलं. उजवा हात मांडीवर पडला होता आणि अंगठा तर्जनीवर गोळी वळत असल्यासारखा आपला आपण हलत होता.

“तुम्ही उतरवता का?” तो म्हणाला.

उतरल्यावर कॅप्टनबाई बराच वेळ पट्टे सोडण्यात गुंतल्या. मग म्हणाल्या, “माझ्या तोंडून हे कुठं जाणार नाही. गोळ्या असतात म्हणे. तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

घरी आल्यावर त्यानं बायकोला समोर बसवलं. सांगायला तोंड उघडलं आणि हातच पुढे केला. तिनं तो न दचकता आपल्या हातात घेतला.

“तुला ठाऊक होतं?”

“वर्तमानपत्र वाजायचं तुमच्या हातात,” ती म्हणाली. “मी म्हटलं तर म्हणालात, डोक्यावर पंखा चालू आहे. पंखा बंद होता हो. पण मला वाटलं, वय आहे, दगदग आहे. आणि हे विमान...” ती थांबली. “तुम्ही इतके त्याच्या मागे होतात. माझ्याच्यानं दुसऱ्यांदा बोलवेना.”

तो चिडला नाही. चिडायला अंगात बळ हवं.

डॉक्टरांनी त्याला बोटांना बोटं लावायला सांगितली, कागदावर लिहायला लावलं, व्हरांड्यात चालायला लावलं. “कधीपासून आहे हे?”

“वर गेल्यावर वेग जमला की येते. पण उतरताना...”

“विमानाचं नाही विचारत,” डॉक्टर हळूच म्हणाले. “तुमचं सांगा.”

कंपवात. शब्द त्यानं आधी ऐकलेला होता, दुसऱ्यांच्या बाबतीत. हात निवांत असला की थरथरतो, कामाला लागला की थांबतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि हात बराच काळ चांगला चालेल असं सांगितलं. परतीच्या वाटेवर तो बायकोच्या दोन पावलं पुढे चालत होता. गोळ्यांनी थरथर थांबली तर कुणाला कळणार होतं? एकट्यानं उडायचं, आपला जीव, आपलं विमान. घरी तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. फोन उचलला, ठेवला. खाली रस्ता, रस्त्यावर माणसं, आणि वर, कधी दगा देईल ते सांगता येणार नाही असा हात.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं आपला विमान चालवायचा परवाना परत केला. खिडकीपलीकडच्या माणसानं कारण विचारलं. “लिफ्ट बंद आहे,” तो म्हणाला, आणि त्या माणसाला काही न कळल्यामुळे मग नीट सांगितलं.

त्यानंतर तो जो शेडमध्ये शिरला, तो त्यातच राहिला. जे नव्हतंच त्या दुखण्यासाठी त्यानं विमानाला इतकी औषधं पाजली होती की ते बिचारं जड झालं होतं. त्यानं शेपटीवरचं शिसं काढलं. बिजागऱ्या सैल करून नकाशात होत्या तशा बसवल्या. जुनी रबरं शोधून घातली. एकेक नट डाव्या हातानं घट्ट करायचा आणि उजव्यानं तपासायचा. कामाला लागला की उजवा अजून सरळ वागायचा. बायको रोज यायची, पलीकडून पाना धरायची.

काम संपल्यावर कॅप्टनबाई एकट्या वर जाऊन आल्या. “लोण्यासारखं आहे,” त्या उतरून म्हणाल्या. “बसा लिफ्टवाले, एक फेरी मारू.”

“मी नाही,” तो म्हणाला. “हिला न्या.”

“मला?” बायको म्हणाली. “काहीतरीच काय! घरी कुकर...” पण कुकर लावलेला नाही हे तिघांनाही माहीत होतं. तिनं ओढणी कंबरेला गच्च बांधली, आणि त्यानं तिचे पट्टे आवळले, एकदा, पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा, शेवटी कॅप्टनबाईंनी त्याला हाताला धरून खाली ढकललं.

विमान निघालं, जमिनीवरून सुटलं, झाडांपलीकडे गेलं. तो धावपट्टीच्या कडेनं इकडून तिकडे, तिकडून इकडे येरझारा घालत राहिला. इंजिनाचा आवाज येत होता तोवर बरं होतं. आवाज गेला तेव्हा तो थांबला, आणि परत ऐकू येईपर्यंत जागचा हलला नाही.

उतरली ती बोलतच. “अहो, नदी किती वाकडी आहे! आपलं घर दिसलं, गच्चीवर तुमची ती पत्र्याची भंगार रास केवढी चमकते! आणि शाळेतली पोरं हात करत होती, मी पण केला. त्यांना कळलं असेल का?”

“कळलं असेल,” तो म्हणाला.

“तुम्ही काहीच कसं सांगितलं नाहीत कधी?”

त्यानं आठवून पाहिलं. वर असताना त्यानं खाली कधी नीट पाहिलंच नव्हतं.

ती कॅप्टनबाईंना सगळं पुन्हा सांगायला गेली. हसण्याचे आवाज शेडपर्यंत येत होते. त्यानं बादलीत फडकं बुडवलं, पिळलं आणि पंखाच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे डाव्या हातानं एकेक करून पुसायला लागला. उजवा हात त्यानं पत्र्यावर सपाट टेकवून ठेवला होता. पत्रा वरच्या हवेनं अजून गार होता.