आठवा डबा

"चार मिनिटं पाच सेकंद! जगाचा विक्रम मोडला!" हेडमास्तर ओरडले आणि मैदान नाचू लागलं. मैलाच्या शर्यतीत बायकांचा जागतिक विक्रम चार मिनिटं सात सेकंदांचा. तो मोडला कुणी? तर मैदानावर पांढऱ्या फक्कीने रेषा मारणाऱ्या बाईच्या मुलीने! कालपर्यंत तिला चार मिनिटं एक्केचाळीस सेकंद लागत. आज वायुबाबांनी कानात फुंकर मारली, बस्स.

शंकेला जागाच नव्हती. घड्याळं तीन होती: हेडमास्तरांचं, पोस्टमास्तरांचं आणि बाबांवर खार खाऊन असलेल्या बेकरीवाल्याचं. तिन्ही जुळली.

बाबा मंचावर डोलत होते. "वारा आमच्या मुठीत आहे! दमेकऱ्यांनो, औषधं आमच्या ताटात टाका. तुमचा श्वास आम्ही घेऊ!" बाबांचं पोट पाहता ते चौघांचा श्वास आधीच घेत असावेत.

ताटात पहिला दम्याचा पंप त्या मुलीचाच होता. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी होती आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

"आई, बाबा म्हणतात, विकार बाहेर पडतोय."

आईने ताटातला पंप उचलून लेकीच्या तोंडाला लावला. "आधी ओढ. विकाराचं मागाहून बघू."

लेकीचा श्वास बसेपर्यंत दोघी सामानाच्या खोलीच्या पायरीवर टेकल्या. तिथे आईला फक्कीचा आठवा डबा दिसला. भरलेला.

धावपट्टीच्या आतल्या रेषेला अठरा वर्षं तिला आठच डबे लागत, पन्नास मीटरला एक. चारशे मीटरची फेरी. अशा चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर, की झाला मैल. यंदा शुद्धीकरणाच्या नावाखाली बाबांच्या शिष्यांनी जुनी रेषा पुसली, तिला फाटकाबाहेर ठेवलं आणि स्वतः फक्की मारली. नवख्या हाताला उलट नऊ डबे लागायला हवेत. यांना सात कसे पुरले?

"बेकरीवाले दादा, जरा टेपचं टोक धरा."

पन्नास मीटरचा टेप सातदा लागला आणि रेषा संपली.

"फेरीला पन्नास मीटर खाल्ले, चार फेऱ्यांत दोनशे," ती मंचासमोर येऊन म्हणाली. "रेषा आठ मीटर आत सरकवली, एवढाच चमत्कार. माझी लेक रोजच्याच वेगाने धावली. मैलच लवकर संपला."

"माते, भक्तीने अंतर घटतं," बाबा म्हणाले.

"मग गाडी इथेच ठेवा नि चालत जा," बेकरीवाला म्हणाला. "गाव पटकन येईल."

बाबा चालत गेले नाहीत, पळाले. वेग बरा होता, पण घड्याळ लावायचं कुणाला सुचलं नाही.

लोक हसू लागले. ती हसली नाही.

"हसू नका. सकाळी तो पंप ताटात मीच ठेवला होता, माझ्या हाताने." तिने पंप वर धरून दाखवला. "आपण तीन घड्याळं आणली, टेप एकानेही आणला नाही. चमत्कार दिसला की आधी मोजा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

आठवड्याने तिने पुऱ्या आठ डब्यांची रेषा मारली. लेक पंप ओढून धावली. चार मिनिटं चाळीस. जगाचा विक्रम कुठल्या कुठे राहिला, पण तिचा स्वतःचा एका सेकंदाने मोडला. त्या सेकंदात कुणाची फुंकर नव्हती.