गल्लीचा कान

आबांनी लाकडी हातोडी नव्या हंड्याच्या पोटावर एकदा हाणली आणि सवयीने ओताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड जागेवर होतं, पण त्यावर काहीच नव्हतं.

“काय रे, थोबाडाला काय झालं?”

“हाह,” ओतारी म्हणाला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली.

“दाढा काढल्यात त्याने सकाळी!” पॉलिशवाल्याने ओरडून खुलासा केला. “दोन्ही बाजूंच्या, एका दमात! डॉक्टरने सुया टोचून पार बधिर केलंय. आत्ता मुस्काटात मारलीत तरी आभार मानेल!”

सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांची नजर त्या बधिर तोंडावरून हलली नाही.

या गल्लीत वाफ कोंडायचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हंडे ओतले जात. हंडा तयार झाला की आबा तो वाजवून बघत. खणखणीत वाजला तर गिऱ्हाइकाकडे. बद्द वाजला तर आत चीर आहे. तिथल्या तिथे घण घालून फोडायचा. चिरलेला हंडा वाफेच्या जोराने फुटतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाची ओळख मग चपलेवरून पटवावी लागते. गल्लीत कुणी कुणाला पाळण्यातल्या नावाने हाक मारत नसे. ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव. आबांना सगळे गल्लीचा कान म्हणत. आणि गेली काही वर्षं त्या कानाला जवळून ओरडलेलं सोडलं तर काही ऐकू येत नव्हतं.

हे आबांनी घरीही कळू दिलं नव्हतं. ओठांवरून बोलणं उमगायचं आणि काम चेहऱ्यांवर निभावायचं. आपला माल आतून कसा आहे हे ओतणाऱ्याला ठाऊक असतंच, असा त्यांचा हिशेब. खोट असली की हातोडी पडण्याआधी त्याचा श्वास अडकतो, पापणी फडफडते, एखादा उगाच जांभई देतो. आबा हातोडी हंड्यावर मारत आणि निकाल तोंडावर वाचत. आजवर अंगलट आलं नव्हतं. निदान तशी बातमी तरी आली नव्हती.

आज ओताऱ्याचं तोंड म्हणजे बंद दुकान होतं. आणि हंडा न्यायला लाँड्रीतून त्यांची स्वतःची सून आली होती. ढकलगाडी धरून ती दारात उभी होती. पाठीमागच्या उन्हामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. उद्यापासून ती दिवसभर या हंड्याला खेटून उभी राहणार होती.

आबांनी पुन्हा हातोडी मारली. ते दोनदा कधीच मारत नसत. हातातली कामं टाकून माणसं जवळ सरकली.

“काय झालं, आबा?”

“काही नाही. ऐकतोय.”

“ऐकायचं काय त्यात? खणखणीत आहे की!” पॉलिशवाला ओरडला. “मुडदा उठून बसेल!”

“खणखणीत!” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

“हाह,” ओतारी म्हणाला.

बरा म्हटलं आणि चीर निघाली, तर सून गेली. वाईट म्हटलं आणि चीर नसली, तर फुटलेल्या तुकड्यांच्या कडा लख्ख निघणार आणि गल्लीला कळणार, की आपला कान केव्हाच मेलाय. मग आबा कोण उरणार होते? भट्टीचा भाता ओढणाऱ्याचा हात गेला, त्या दिवसापासून त्याला सगळे ‘ते हे... आपलं ते’ म्हणत होते. तोही त्याला ओ देत होता.

पॉलिशवाल्याने सुनेची गाडी आत ओढली आणि हंडा उचलायला हात घातला.

“बद्द,” आबा म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला नाही, म्हणून ते ओरडले, “बद्द आहे! फोडा!”

घण पडू लागला. पायांखालची जमीन हादरत होती तोवर आबांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पॉलिशवाला एक तुकडा उन्हात धरून उभा होता. लख्ख कडेवरून केसाएवढी काळी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. घणाची नव्हे, ओततानाच पडलेली चीर.

“बघा! मी म्हणतच होतो, बद्द आहे!” पॉलिशवाला म्हणाला.

“मला तर पहिल्याच ठोक्याला कळलं होतं!” घोळक्यातला दुसरा म्हणाला.

“हाह!”

आबा मटकन ओट्यावर बसले.

सून तेवढी हसत नव्हती. ती घोळक्याच्या मागे उभी राहून एकेकाची पाठ न्याहाळत होती. मग तिचे ओठ हलले. आबांना ते लांबूनही स्पष्ट दिसले: पळा, भट्टी उलटतेय.

एकही पाठ हलली नाही. पॉलिशवाला तुकडा फिरवून फिरवून दाखवत राहिला. एकटे आबा धडपडत उठले.

ती लगबगीने त्यांच्यासमोर आली.

“बसा हो, काही उलटत नाहीये. मुद्दामच बोलले, नेहमीच्या आवाजात. हंडा फुटक्या मडक्यासारखा वाजला, मला दारात कळलं. आणि ही मंडळी खणखणीत म्हणतात! आबा, यांच्यातल्या कुणालाच ऐकू येत नाही. काय ते एकटे तुम्हीच.”

आबा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

“उद्या लाँड्रीत या. आमचे आधीचे हंडेही वाजवून बघा. तुम्ही बरे म्हणालात की मी निर्धास्त.”

आबांनी हातोडी तिच्या हातात दिली.

“वाजवायचं तू.”

“मी? मला काय कळतं त्यातलं?”

“तुला ऐकू येतं.”

ती हसली. मग त्यांची नजर कुठे खिळली आहे ते तिला दिसलं, आणि हसू तसंच अर्धवट राहिलं. आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून तिने विचारलं,

“आबा, आधीचे हंडे कुणी पास केले?”

“मीच,” आबा म्हणाले.

गाडी तिथेच टाकून ती पळत सुटली. पॉलिशवाला मागून “अगं, गाडी! गाडी!” म्हणून ओरडत होता. आबाही तिच्यामागे निघाले, जमेल तसे. लाँड्रीतली दुपारची पाळी सुरू व्हायला आली होती.