एकेरी पुलावरची हिरवी गाडी

“आता जे सांगणार आहे ना, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाय,” नाथा भोईर म्हणाला, आणि खुर्ची ओटीच्या कडेला ओढून ऐसपैस बसला.

मोहने-आंबिवलीकडे नाथाच्या तोंडून हे वाक्य निघालं की लोक चहा सांगत. त्याने उल्हास नदीत एकदा पकडलेला मासा दर वर्षी वीतभर वाढत आला होता. खडवलीच्या रानात भेटलेल्या बिबट्याने तर त्याला टिटवाळ्याची वाट विचारली होती, आणि नाथाने ती मुद्दाम चुकीची सांगितली होती. अशा गोष्टी कुणाला पटाव्यात असा त्याचा आग्रह कधीच नसे. ऐकणारे हसले की त्याचं पोट भरे.

आज मात्र त्याला हसू नको होतं. आज त्याला विश्वास हवा होता, आणि तोही एकाच माणसाचा. ते माणूस आतल्या खोलीच्या दारात बसून उघड्या बॅगेत कपडे दाबत होतं आणि येत्या गुरुवारी विमानात बसणार होतं.

कल्पिता त्याचं शेंडेफळ. कल्याणच्या एका दवाखान्यात चार वर्षं नर्स म्हणून राबली, कसल्या कसल्या परीक्षा दिल्या, आणि आता न्यूझीलंडला निघाली होती. थोरला हितेश तिथेच होता, नऊ वर्षं झाली. दोन वर्षांसाठी म्हणूनच तोही गेला होता. नाथाने पोरीला अडवायचे सगळे उपाय करून पाहिले होते. डोंबिवलीचं स्थळ आणून झालं, गुडघा दुखवून झाला, जेवण सोडून झालं. (जेवण त्याने दीड दिवसात परत धरलं.) आता हाताशी एकच गोष्ट उरली होती, जी त्याला जगात सगळ्यांपेक्षा बरी जमायची.

ऐकायला मोजकीच माणसं होती. तुळसा, त्याची बायको, परातीत भिजवलेले वाल घेऊन बसली होती आणि एकेक बिरडं सोलून पाण्यात टाकत होती. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जगन दुपारचा पेपर घेऊन आला होता. साताऱ्याकडचा माणूस, कुठल्याही गोष्टीत आधी खोट काढणार, मग चहा पिणार.

“गेल्या डिसेंबरचं ना, नाथाभाऊ?” जगन म्हणाला. “तिकडं फिरायला गेलेलात ते?”

“फिरायला गेलेलो,” नाथा म्हणाला. “परत आलो हे नशीब समज.”

सुरुवात त्याने नेहमीसारखी मजेत केली. नाताळची दोन आठवडे सुट्टी, हितेशने आईबापाची तिकिटं काढलेली. विमानतळावर एक बुटकं कुत्रं आलं आणि तुळसाच्या पिशवीपाशी जे बसलं ते उठेना, आत सुकट होती. साहेब लोकांनी ती सुकट हातमोजे घालून, चिमटीत धरून नेली, जसा काय बाँबच सापडलाय. जगन हसला. कल्पितासुद्धा आतून हसली, आणि तिने वजनाचा काटा बॅगेला अडकवून उचलून पाहिलं. तेवीस किलो भरायला अजून चार हवे होते. नाथाने ते चार किलो बघितले आणि आवाज खाली आणला.

हितेशने एक घरगाडी भाड्याने घेतली होती. तीत शेगडी, पलंग, मोरी, सगळं. पुढे हितेश आणि नाथा, मागे निशा सूनबाई, नात आणि तुळसा. शहर सुटलं तशी माणसं संपली. दोन-दोन तास रस्ता, आणि समोरून एक गाडी नाही. डिसेंबरात तिकडे उन्हाळा, तरी डोंगरांच्या डोक्यावर बर्फ, खाली तळी, आणि तळ्यांचं पाणी कपड्याला नीळ जास्त झाल्यासारखं. मेंढ्याच मेंढ्या, पण मेंढपाळ कुठे दिसेना. कुंपणं नीट, फाटकं रंगवलेली, घरांना पडदे, आणि दारात कुणी उभं नाही. बघायला सुंदर, नाथा म्हणाला, फार सुंदर. एखादं मयताचं घर झाडूनपुसून, फुलं लावून ठेवावं तसं सुंदर.

“नऊ वाजले तरी ऊन,” तो म्हणाला. “घड्याळात रात्र, बाहेर दिवस. सावल्या मात्र लांबत जातात, लांबत जातात, आणि मिटत नाहीत. कोंबडीसुद्धा झोपू की नको करीत असेल.”

मग पूल आला. तिकडे नद्यांवर पूल असतात ते एकेरी. एका वेळी एकच गाडी जायची. एका बाजूच्याने थांबायचं, दुसऱ्याने निघायचं, पाटीवर तसे बाण काढलेले. पलीकडच्या टोकाला एक जुनी हिरवी गाडी थांबली होती. आत एक म्हातारा, टोपी डोळ्यांवर. नाथाची गाडी जवळून गेली तेव्हा म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. एवढंच. तिकडच्या खेड्यात रामराम म्हणायची तीच रीत, असं हितेशने सांगितलं.

इथपर्यंतचं सगळं खरं होतं. पूल खरा, गाडी खरी, बोटसुद्धा खरं. नाथाला त्या गाडीची पुढे आठवणही राहिली नसती. पण गेला महिनाभर रोज तो ती गोष्ट मनात घोळवत होता. दर वेळी गाडी थोडी अधिक हिरवी व्हायची आणि म्हातारा थोडा अधिक गप्प.

“मी काय केलं?” नाथा म्हणाला. “आपली सवय. त्याने वाट दिली, निघताना काहीतरी बोलावं म्हणून काच खाली केली आणि म्हटलं, येतो हां बाबा. हितेश हसला. म्हणाला, बाबा, त्याला काय मराठी कळतंय? मी म्हटलं, अरे शब्द नसेल कळत. वचन कुठल्याही भाषेतलं कळतं.”

कल्पिताने काटा खाली ठेवला.

दुसरा पूल चाळीस-पन्नास किलोमीटरवर. पलीकडच्या टोकाला हिरवी गाडी थांबलेली.

“दुसरी असेल,” जगन म्हणाला. “त्या रंगाच्या दहा असतील.”

“मलाही तसंच वाटलं. पण डाव्या दिव्याला बांधलेली चिंधी तीच. आणि मला सांग, समोरून आलेली गाडी मागे जायला पाहिजे की नको? ती आम्हाला ओलांडून गेलेली. तोच एक रस्ता, आणि कुणी आमच्या पुढे गेलेलं नाय. मग ती परत समोर कशी?”

जगनने पेपरची घडी घातली. या वेळी म्हातारा एकटा नव्हता, असं नाथाने सांगितलं. शेजारी एक बाई बसलेली. तोंड दिसेना, मांडीवर ठेवलेले हात तेवढे दिसत होते आणि त्यांत हिरवा चुडा होता. न्यूझीलंडात हिरवा चुडा. म्हाताऱ्याने पुन्हा बोट उचललं, पण आता बोट रामरामासारखं नव्हतं. नाथा हळू म्हणाला की शाळेत मास्तर हजेरी घेताना पोरं मोजतात, तसं होतं.

बोलता बोलता त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. ही बाई आत्ताच बसली होती त्या गाडीत. सकाळपर्यंत ती गोष्टीत नव्हती.

त्याने तुळसाकडे चोरून पाहिलं. ती वाल सोलत होती. बेचाळीस वर्षांत तिने त्याच्या एकाही गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. मासा वाढला, बिबट्या बोलला, ती आपली काम करीत राहिली. सहलीबद्दल कुणी विचारलं की मात्र ती उठून आत जायची. परतीचा विषय नाथाही काढत नसे. हितेशने विमानतळावर सोडलं का, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, त्याला ड्युटी होती. आल्यापासून हितेशचा फोन येई तो आईच्या मोबाइलवर, आणि ती गच्चीत जाऊन बोले.

“तिसरा पूल,” नाथा म्हणाला. “तळ्याच्या तोंडावर. ऊन तिरपं, डोळ्यांत. आणि गाडी उभी. आता टोकाला नाय, पुलाच्या मधोमध. हितेशने ब्रेक दाबला. आत मागच्या बाकावर पण माणसं. एकाच्या गळ्यात आपल्याकडच्यासारखा लाल चौकड्यांचा रुमाल. एक पोरगा, पाठीला कॉलेजची बॅग. सगळे आपल्याकडचे गो बाय. ठाण्याचे, कल्याणचे, कुठले कुठले. सगळे पुढे बघत बसलेले, जशी काय स्टॉप यायची वाट बघतायत. तेव्हा मला उमगलं ते कोण.”

“कोण?” कल्पिता म्हणाली. ती दारातून उठून ओटीवर आली होती. हातात घडी केलेला स्वेटर तसाच होता.

“घरातून निघताना येतो बोलले आणि आले नाहीत, ते. आईला येतो, बापाला येतो, गावदेवीला येतो. तो शब्द कुठेतरी जमा होतो ना? तो म्हातारा ते शब्द गोळा करत फिरतो. ज्याचा शब्द राहिला, त्याला गाडीत घेतो. घरीही पोचवत नाय आणि तिथेही उतरवत नाय.” तो थांबला. “खिडकीपाशी एक जागा रिकामी होती.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला तरी जगनने मान वळवली नाही. कल्पिता नर्स होती, माणसं जाताना तिने जवळून पाहिली होती, भुताखेतांना ती भीत नसे. पण बापाने नेम भुतांवर धरलाच नव्हता. तिने स्वेटर छातीशी धरला, मग खाली बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते नाथाने महिनाभर मागितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी याच ओटीवरून भाऊ येतो म्हणून उतरला होता, तेव्हा ती शाळेत होती.

“ती जागा कुणाची होती, बाबा?” तिने विचारलं.

नाथाला कळलं की आपण जिंकलो. इथे थांबायला हवं होतं. पण जन्मभराची खोड, गोष्ट भरात आली की तिला एक शेवटचा तुरा खोचल्याशिवाय त्याला राहवत नसे.

“म्हाताऱ्याने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं,” तो म्हणाला. “पहिल्या पुलावर येतो बोललेलो ना मी. सुटायचा उपाय एकच, शब्द मागे घ्यायचा. येतोच्या जागी जातो म्हणायचं. दोनच अक्षरं. पण गो बाय, जीभ वळेना. का वळेल? देवाशपथ सांगतो, या जन्मात कुठल्याच दारातून निघताना तो शब्द मी तोंडातून काढलेला नाय.”

“काढलात,” तुळसा म्हणाली.

तिने परात बाजूला सारली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. तिचे ओले हात फक्त थांबले होते, आणि ती नवऱ्याकडे नाही, लेकीकडे बघत होती.

“हितेशच्या दारात काढलात. त्याने तिकडं घर घेतलं म्हणून सांगितलं, तुम्ही बॅग उचललीत आणि त्याच्या तोंडावर बोललात, जातो. पोरगा फाटकापाशी आला. मागं वळून येतो बोलाल म्हणून बघत राहिला. निशा गाडी चालवत होती, मी मागच्या काचेतून बघत होते. गाडी वळेपर्यंत उभा होता तो.”