माहितीपत्रकातला हात

भंडाऱ्यात अश्वजितइतकं सफाईदार काम करणारा दुसरा डिझायनर नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत फिरायचा. लग्नपत्रिका आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक करून कंटाळलेल्या या गड्याला एका इंजिनिअरिंग कंपनीचं माहितीपत्रक मिळालं. जाड गुळगुळीत कागद, चोवीस पानं, काम नागपूरच्या तोडीचं पाहिजे, असं मालक म्हणाले. स्वारी हरखून गेली.

मुखपृष्ठासाठी ऑक्टोबरात आलेल्या, पत्रा कापायच्या नव्या पॉवर प्रेसवर त्याने बाबुलालला उभं केलं. बाबुलाल कंपनीतला कामगार, अश्वजितच्याच करडी गावचा, नात्याने काका. चेहरा भारदस्त, उजवा हात यंत्रावर. फक्त त्या हाताला तीन बोटं नव्हती. ऑगस्टमध्ये कंपनीच्याच जुन्या प्रेसने ती खाल्ली होती, आणि दवाखान्याचे कागद मालकांनी 'सांभाळायला' म्हणून ठेवून घेतले होते.

"बोटं लावून टाक," मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाला असला हात काय दाखवायचा?"

अश्वजितने बाबुलालला विचारलं. तो उलट खूश झाला. "लाव ना बाबू. माह्या पोरीले, खुशबूले पाहाले पाहुणे येऊन राहिले. फोटोत तरी माहा हात धड दिसू दे."

अश्वजितने डाव्या हाताची बोटं उलटी करून उजव्याला जोडली, कातडीचा रंग जुळवला, नखांत थोडं काळं तेलही भरलं. मग नेहमीप्रमाणे मूळ फोटोवरच नवा साठवला. जुनं जपून ठेवणं त्याला गबाळेपणा वाटे. दिवाळीला माहितीपत्रक छापून आलं आणि जो तो वाहवा करू लागला.

डिसेंबरात 'हात चालत नाही' म्हणून बाबुलालला कामावरून काढलं. त्याने अपघाताच्या भरपाईसाठी कामगार कार्यालयात अर्ज केला. सुनावणीला अश्वजितही सोबत गेला. तिथे मालकांनी टेबलावर माहितीपत्रक ठेवलं.

"नवी प्रेस ऑक्टोबरातली. फोटोत पाचही बोटं शाबूत. मग ऑगस्टचा अपघात कुठला? हा धान काढताना घरच्या मळणीयंत्रात हात घालून बसला, साहेब."

साक्षीला आलेल्या सोबतच्या कामगारांनी माना खाली घातल्या. अश्वजित ताडकन उठला. "ती बोटं मी बसवली, साहेब."

अधिकाऱ्याने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "यात जोड कुठे आहे?"

"दिसत नाही. मीच दिसू दिला नाही."

"मूळ फोटो?"

"नाही ठेवला. पण इथंच पुन्हा करून दाखवतो."

"बोटं लावता येतात, तर काढताही येत असतील. त्यानं काय सिद्ध होणार?"

आपल्या हुन्नराचा अश्वजितला जन्मात पहिल्यांदा तिटकारा आला. बाबुलाल दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

अर्ज फेटाळला गेला. कारकुनाने निकालाचा कागद पुढे सरकवला, "सही करा." बाबुलालने उरलेल्या अंगठ्यात आणि करंगळीत पेन धरलं. ते दोनदा पडलं. शेवटी अश्वजितने ते त्याच्या डाव्या हातात दिलं, आणि शाळेत पहिला येणाऱ्या बाबुलालने लहान पोरासारखं वेडंवाकडं नाव लिहिलं.

मालक दारात थांबले होते. त्यांनी अश्वजितच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या कामावर खूश आहे मी. येत्या वर्षाचं कॅलेंडरही तूच कर."

"किती पानांचं, साहेब?" अश्वजितच्या तोंडून सवयीने निघून गेलं. बाबुलाल त्याच्या मागेच उभा होता.