नावाचा सक्तीचा रकाना

मी तापट आहे, आधीच सांगते. हरवलेल्या आणि सापडलेल्या माणसांच्या नोंदींची वेबसाइट मी सांभाळते. एकाच दवाखान्यातून अकरा वेगवेगळ्या माणसांच्या नोंदी ओळीने ‘अबक’ याच नावाने आलेल्या दिसल्या आणि माझं डोकंच फिरलं. भरणाऱ्या नर्सबाईंना जाब विचारायला मी थेट वॉर्डात गेले.

“मग काय करू? नाव टाकल्याशिवाय तुमचा फॉर्म पुढेच सरकत नाही,” बाई म्हणाल्या आणि मला खिडकीजवळच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. साठीचे गृहस्थ, रस्त्यात पडलेले सापडले होते, वाचा गेलेली. “विचारा यांना नाव. दोन महिने झाले. घरचे वाट बघत असतील.”

कप्पाळ माझं! चूक माझीच होती. नोंदीच्या मूळ साच्यात मीच नाव सक्तीचं केलं होतं आणि साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी आहे त्या फ्रेमवर्कने त्यावरून आयता फॉर्म बनवून दिला होता. घरचे खऱ्या नावाने शोधणार, आणि इथे ‘अबक’. या माणसाला कोण शोधून काढणार?

तिथेच स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला. साच्यातली नावाची सक्ती काढली, आयता फॉर्म बाजूला सारला आणि भरलेली माहिती तपासायचे नियम स्वतः लिहिले: नाव नसलं तरी चालेल, पण अंगावरची एक तरी खूण हवी. आणि नोंद जतन होताना हरवलेल्यांच्या यादीतल्या खुणांशी ती ताडून बघायची. त्याला कोडच्या चार ओळी पुरल्या. दोनदा तपासून बदल साइटवर चढवला.

“भरा आता.”

“नाव कोरं ठेवलं तर ओरडणार नाही ना?”

“ओरडते मी. फॉर्म नाही ओरडणार.”

बाईंनी खूण निवडली: उजव्या हाताची शेवटची दोन बोटं जन्मापासून जुळलेली. बटण दाबलं. खाली हरवलेल्यांच्या यादीतली एक नोंद आली. धाकट्या बहिणीने भावासाठी दोन महिन्यांपूर्वी भरलेली, तोच हात, तीच बोटं. इतके दिवस भाऊ-बहीण माझ्याच साइटवर शेजारी-शेजारी होते. मी लिहिलेल्याच चार ओळी, पण मीच आ वासून बघत राहिले.

बाईंनी नोंदीतला नंबर लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि सगळं सावकाश सांगितलं. पलीकडून बहिणीचा आवाज आला.

“जेवतो का तो?”

“जेवतात,” बाई म्हणाल्या. “मी भरवते.”