वारा नव्हता त्या दिवशी

बोर्गिल्डचं पत्र आलं त्याला एकतीस वर्षं झाली. त्यात एकच प्रश्न होता. मी उत्तर दिलं नाही.

तेव्हा नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आमच्या बेटावर मी एकटाच डॉक्टर होतो. पुस्तकांत रमणारा, स्वतःच्या कानांवरही फारसा भरवसा नसलेला. बोर्गिल्डचा आइलिव्ह तीन आठवड्यांचा होता. इथली तान्ही मुलं दुपारी थंडीतही बाहेर बाबागाडीत झोपतात. तसाच तो अंगणात झोपला होता.

"डॉक्टर, याच्या डोक्यातून गुणगुण येते," बोर्गिल्ड म्हणाली.

सासू हसली. "हिला उद्या किटलीसुद्धा चर्चमधली गाणी म्हणताना ऐकू येईल! अहो, वरून विजेच्या तारा गेल्यात, त्या वाऱ्यानं वाजतात. माझी चार मुलं त्याच आवाजात झोपली."

झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही, ही आमची रीत. मी वाकून त्याच्या लोकरीच्या टोपीला कान लावला. गुणगुण होती. हृदयाच्या ठोक्यागणिक चढत होती, उतरत होती. वर पाहिलं, तर तारांवरचा हिमाचा थर जसाच्या तसा.

"ताराच आहेत," मी म्हणालो. टोपी काढली नाही. बॅगही उघडली नाही.

चौथ्या दिवशी आइलिव्ह गेला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या मधोमध एक शीर अंगठ्याएवढी फुगलेली सापडली. धमन्या जन्मतःच थेट तिच्यात उघडत होत्या. ते रक्त ढकलता ढकलता इवलंसं हृदय थकून गेलं होतं. वेळीच शहरात नेलं असतं तरी कदाचित... या 'कदाचित'च्या आड मी इतकी वर्षं लपलो.

तिनं लिहिलं होतं, "सगळे म्हणतात, मला भास होतात. सासूबाई तर वेडीच म्हणतात. तुम्ही ऐकलंत ना? एवढंच सांगा."

यंदा शरदात त्या तारा काढून जमिनीखालून नेल्या. परवा त्या घरावरून जाताना पाय थबकले. वारा नव्हता. गुणगुण मात्र येत होती, ठोक्यागणिक. मी स्वतःची नाडी धरली. माझे ठोके संथ होते. गुणगुणीतले ठोके दुप्पट वेगानं पडत होते, तान्ह्या बाळाच्या ठोक्यांसारखे.

पांढऱ्या केसांची बोर्गिल्ड अंगणात उभी होती.

"आता तर ताराही नाहीत, डॉक्टर," ती म्हणाली.

मी तसाच मागे फिरलो. घरी येऊन लिहिलं: "मी ऐकलं होतं. त्या दिवशी वारा नव्हता. भास तुम्हाला झाला नव्हता, खोटं मी बोललो. परवाही ऐकलं."

पाकीट टपालपेटीत टाकलं आणि ते आत पडल्याचा आवाज नीट ऐकून घेतला.