छपरावरची दुसरी नळी

मी एक जुने कार्ड आहे. मित्रांनो, कार्ड म्हटल्यावर वाढदिवसाचे, लग्नाचे असे काही मनात आणू नका. माझ्यावर ना फुले आहेत, ना सोनेरी अक्षरे. मी जाड, पिवळट कागदाचे, मालमत्तेच्या नोंदीचे कार्ड आहे. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या हॉलिस काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात मी एक्कावन्न वर्षे उभे आहे. माझ्या पोटात एक घर आहे. घर हावरानेकांचे, खोल्या सहा, दारापुढच्या पायऱ्या चार.

माझा जन्मच संशयातून झाला. पूर्वी इथे घरांच्या किमती अंदाजपंचे लावत. त्यामुळे ज्याला त्याला वाटे की शेजाऱ्याला कमी लावली आणि मला जास्त. बोंब फार झाली तेव्हा काउंटीने घराघराला एक अशी कार्डे छापली आणि फीत घेऊन माणसे पाठवली. त्यांनी भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या आणि सगळे आमच्या अंगावर लिहिले. अशा घरात जन्मलेले लेकरू भोळे कसे निघणार? गोड बोलणाऱ्या माणसाचा तर मला जरा जास्तच संशय येतो.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. माझ्यावरचा घराचा नकाशा इतका नीटस होता की नवी माणसे कामावर आली की साहेब मलाच बाहेर काढत आणि सांगत, कार्ड असे लिहावे. मला तेव्हा वाटे, माझ्यावर लिहिले आहे म्हणजे ते खरेच असणार. माझा संशय सगळ्या जगावर होता, फक्त स्वतःवर नव्हता.

आमच्या कचेरीचे काम कसे चालते ते सांगते. एक खिडकी घराची किंमत ठरवते. कराचा दर शाळेची, रस्त्यांची आणि अग्निशमनाची मंडळी आपापल्या गरजेप्रमाणे ठरवतात. पैसे घेते ती तिसरीच खिडकी, अर्धे वसंतात आणि अर्धे पानगळीच्या तोंडावर. लोक मात्र सगळ्या शिव्या पैसे घेणाऱ्या खिडकीला देतात, आणि त्या बिचारीच्या हातात काहीच नसते. जूनच्या सुरुवातीला घराच्या नव्या किमतीचे पत्र येते. ज्याला ती पटत नाही त्याने जून संपायच्या आत तक्रार करायची. मग जुलैत तीन माणसांचे मंडळ प्रत्येकाला दहा मिनिटे देते.

त्या जून महिन्यात आमच्या काउंटरवर गर्दी होते, कारण इथे कोणाचेही कार्ड कोणालाही बघता येते. आणि मित्रांनो, एक्कावन्न वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. माणूस काउंटरवर येतो, टोपी काढतो आणि शेजाऱ्याचे कार्ड मागतो. स्वतःचे कोणी मागत नाही.

माझा मालक एमिल हावरानेक यात सगळ्यांच्या पुढे होता. तो धान्याच्या कोठारावर काम करी. त्याच्या शेजारी हर्ब टेसार राहत असे. दोघांची घरे एकाच सुताराने, एकाच नकाशावरून, एकाच उन्हाळ्यात बांधलेली. पण हर्बच्या घराची किंमत दरवर्षी एमिलपेक्षा कमी लागे. एमिल दर जूनला येई, हर्बचे कार्ड मागे, ते बोटाने ओळ न् ओळ वाची आणि मान हलवत परत जाई. काउंटरवरची जोलीन त्याला म्हणे की एमिलकाका, तुमचंही काढून देऊ का? त्यावर त्याचे उत्तर ठरलेले असे.

"माझं नको. माझं घर मला ठाऊक आहे. या हर्बचं कोणाशी साटंलोटं आहे ते शोधतोय मी."

गंमत म्हणजे हर्बही येई आणि मला मागे. माझ्यावरची एक ओळ वाचून तो दरवर्षी तितकाच चकित होई. एकदा तो जोलीनला म्हणाला, "दोन बाथरूम? बायको जाऊन इतकी वर्षं झाली, एकटा जीव, आणि याला दोन बाथरूम लागतात? पैसा दाबून ठेवलाय म्हाताऱ्याने." पण एमिलला त्याने हे कधी विचारले नाही. विचारले तर आपण त्याचे कार्ड बघतो हे कळेल, अशी त्याला भीती होती.

ती ओळ माझ्यावर कशी आली ते मला चांगले आठवते. १९७८ चा एप्रिल होता. ड्वेन नावाचा मापारी मला फळीला चिमट्याने अडकवून एमिलच्या दारी घेऊन गेला. एमिल दारात आला, पण दार त्याने वीतभरच उघडले. ड्वेन म्हणाला, आत येऊन खोल्या बघायच्या आहेत. एमिल म्हणाला, "बाहेरून काय दिसतं ते लिही आणि नीघ." आणि दार बंद झाले.

मापाऱ्यांची एक पद्धत असते. आत घेतले नाही तर ते अंगणात उभे राहून छपराकडे बघतात. बाथरूममधली हवा वर सोडायला छपरातून एक नळी काढलेली असते. जितक्या नळ्या, तितकी बाथरूम. एमिलच्या छपरावर एक जुनी, गंजकी नळी होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर एक नवी, चकचकीत. ड्वेनने माझ्यावर लिहिले, बाथरूम दोन. पुढे कंसात 'अंदाजे' असेही लिहिले. दार लावून घेणारा माणूस काहीतरी लपवतोच, असे मला त्या दिवशी वाटले. पुढच्या मापाऱ्यांनी रस्त्यावरूनच छपर बघितले, माझ्याशी ताडून पाहिले आणि ते पुढे गेले. तिसऱ्या वेळी नोंद नव्याने लिहिताना 'अंदाजे' हा शब्द कोणी उतरवूनही घेतला नाही.

वर्षे गेली आणि एमिल म्हातारा झाला. साठीपलीकडच्या माणसांना करात सूट मिळते, पण तिचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो आणि त्यात मिळकत लिहावी लागते. हर्ब तो भरत असे. एमिल म्हणे, माझ्या खिशात किती आहे ते यांना कशाला सांगू? मग एका वर्षी त्याचे दोन्ही हप्ते राहिले. इथे कर थकला की फेब्रुवारीत नाव वर्तमानपत्रात येते, तेही तीन आठवडे. मार्चमध्ये कोणीही परका तो कर भरू शकतो, आणि मालकाने तीन वर्षांत त्याचे पैसे व्याजासकट फेडले नाहीत तर तो परका घरच मागू शकतो. तो परका हर्बच असणार याची एमिलला खात्री होती. त्याने आपला छोटा ट्रक विकला आणि मार्चच्या आत कर भरला. आता विकण्यासारखे त्याच्याकडे काही उरले नव्हते. किंमत उतरली नाही तर पुन्हा कर थकणार आणि शेवटी घर जाणार, हे त्याला कळत होते आणि मलाही.

म्हणून ऐंशीव्या वर्षी त्याने पहिल्यांदा तक्रार केली. जुलैत तो इस्त्रीचा सदरा घालून मंडळासमोर बसला. बरोबर त्याने दोन्ही घरांचे फोटो आणले होते. पुरावा म्हणून जोलीनने मला टेबलावर ठेवले. एमिलने सुतार सांगितला, नकाशा सांगितला आणि शेवटी म्हणाला, "दोन घरं सख्ख्या भावांसारखी. मग हर्बचं स्वस्त आणि माझं महाग कसं? तुमच्यापैकी कोण हर्बकडे बसून खसखशीचे गोड कोलाचे-पाव खातं, तेवढं फक्त सांगा."

मंडळातल्या एका बाईला हसू आवरेना. जोलीनने मला त्याच्यासमोर सरकवले आणि ती ओळ बोटाने दाखवली.

"एमिलकाका, त्यांच्याकडे एक बाथरूम आहे आणि तुमच्याकडे दोन."

त्याने मला हातात घेतले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ती ओळ त्याने बोटाने वाचली. मग म्हणाला की आपल्या घरात एकच बाथरूम आहे. मंडळ म्हणाले, छपरावर नळ्या दोन आहेत.  आत येऊन बघितल्याशिवाय ओळ खोडता येणार नाही, दार उघडाल का, असे त्यांनी विचारले. एमिल उठला आणि फोटो तिथेच टाकून निघून गेला. मी मनात म्हटले, बघा, याच्या घरात काहीतरी आहे म्हणतच होते मी.

तिसऱ्या दिवशी तो काउंटरवर आला. "उद्या सकाळी ये पोरी," तो जोलीनला म्हणाला. "एकटी ये."

जोलीन मला घेऊन गेली. त्याने कॉफी दिली, मग स्वयंपाकघरातले भांड्यांचे कपाट हळूहळू बाजूला सारले. कपाटामागे एक दार होते. आत छोटी खोली होती. भिंतींना नुसत्या उभ्या फळ्या, जमिनीतून छपरापर्यंत गेलेली एक नळी, आणि कोपऱ्यात लाकडी खोक्यात बांधलेला टब. खोक्याचे खिळेही काढलेले नव्हते.

"व्लास्ताला जिना चढवेना," एमिल म्हणाला. व्लास्ता म्हणजे त्याची बायको. "तिच्यासाठी खाली बाथरूम करत होतो. बर्फ पडायच्या आत छपराचं काम उरकावं म्हणून नळी आधी घातली. टब आला त्या आठवड्यात ती गेली. आणि एप्रिलमध्ये तो तुमचा माणूस फळी घेऊन दारात. त्याला हे दाखवू?"

 जोलीनने माझ्यावर लिहिले, बाथरूम एक, आत जाऊन पाहिले. मग तिने मागचा बंद करून घेतलेला व्हरांडाही मोजला, कारण तो कोणी मोजलेलाच नव्हता आणि त्याचीही किंमत लागते. एमिल पुटपुटला की म्हणूनच मी तुम्हा लोकांना आत घेत नाही. निघताना तिने करात सूट मागण्याचा अर्ज टेबलावर ठेवला, आणि मिळकतीच्या रकान्यावर हात धरून त्याने तो भरला.

घराची किंमत उतरली. सूटही मिळाली. घर वाचले. पण मागे भरलेले पैसे परत मिळत नाहीत, तसा नियम आहे. जे बाथरूम कधी झालेच नाही त्याचा कर त्याने एकतीस वर्षे भरला होता. हर्बच्या घरात आत काय आहे, हे मला अजून ठाऊक नाही. त्यानेही कधी कोणाला आत घेतलेले नाही.

मंडळाचा निकाल आल्यावर जोलीनने जुनी ओळ खोडायला पेन उचलले, तेव्हा एमिल काउंटरवरच उभा होता.

"थांब," तो म्हणाला. "खोडायच्या आधी मला या कार्डाची एक नक्कल दे."

"चुकीचं आहे ते, काका. काय करणार घेऊन?"

"तुमच्या या कागदावर तेवढं तिचं बाथरूम पुरं झालंय."

नकलेचे पंचवीस सेंट होतात. जोलीन ते घेईना. त्याने नाणे काउंटरवर ठेवले आणि पावती मागून घेतली.

मित्रांनो, आता आम्हा कार्डांचे काम संगणक करतो आणि आम्हाला तळघरात नेऊन ठेवणार आहेत. जाण्याआधी एक मागणे आहे. तुमच्या घराची नोंदही कुठल्यातरी कचेरीत असेलच. शेजाऱ्याची सोडा आणि एकदा आपली काढून वाचा. मी सगळ्या जगावर संशय घेतला आणि खोटे माझ्याच अंगावर होते. त्या म्हाताऱ्याला मी चोर समजत होते, याची मला लाज वाटते. माझी नक्कल त्याने घडी पडू नये म्हणून टोपीत आडवी धरली आणि दोन्ही हातांनी सांभाळत घरी नेली.